पार्श्वभूमी : सेविकेचं प्रमाणपत्र आणि मानधनाचा गुंता

मानखुर्दच्या एका प्रशिक्षण केंद्रात प्रवेशाचा फॉर्म भरताना ‘सध्याचा व्यवसाय’ या रकान्यापाशी बायका हमखास अडतात. अकरा वर्षं गल्लीबोळ पालथे घालून लसीकरणाच्या याद्या करणारी बाई तिथे ‘गृहिणी’ लिहून मोकळी होते. शेजारची ‘समाजसेवा’ लिहिते, जरा विचार करते आणि खोडते. तिसरी पेन तसंच धरून विचारते, “मॅडम, मानधन मिळतं ते व्यवसायात धरायचं का?” मॅडमना उत्तर देता येत नाही आणि त्यात त्यांची चूक नाही. सरकारनेही पन्नास वर्षांत या प्रश्नाचं एक उत्तर दिलेलं नाही. सामुदायिक सेवेतलं, म्हणजे वस्तीत आरोग्याचं आणि बालसंगोपनाचं काम करणाऱ्यांसाठीचं, व्यावसायिक प्रमाणपत्र आज ज्या अर्ध्यामुर्ध्या अवस्थेत आहे, त्याचं मूळ या रकान्यात आहे.

मुंबईत या कामाला शिक्षणाची जोड द्यायची कल्पना जुनी आहे. १९११ च्या सुमारास गिरणगावात रात्रशाळा आणि वाचनालयं चालवणाऱ्या मंडळींनी नुसत्या दानधर्मापेक्षा शिस्तीत काम करायला सुरुवात केली. पुढे नागपाड्याच्या वस्तीतल्या एका केंद्रातून देशातली समाजकार्याची पहिली पदव्युत्तर शाळा १९३६ मध्ये उभी राहिली आणि १९५४ मध्ये ती देवनारला गेली. हा इतिहास वर्धापनदिनाच्या भाषणांत दरवर्षी येतो, म्हणून इथे लांबवत नाही. लक्षात ठेवायची गोष्ट एकच : सुरुवात वरून झाली. आधी पदव्युत्तर शिक्षण आलं, मग पदवी आणि सर्वांत शेवटी, कितीतरी दशकांनी, दहावी-बारावीवाल्यांसाठी प्रमाणपत्र. सुतारकाम, वायरमन, फिटर यांच्या बाबतीत उलटं झालं होतं.

वरच्या मजल्याला कायद्याने लवकर हात दिला. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ४९ ने पाचशे किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला आणि त्याची पात्रता ठरवायचं राज्यांवर सोपवलं. मुंबईत तेव्हा गिरण्यांना तोटा नव्हता, त्यामुळे समाजकार्य आणि कामगार कल्याण शिकलेल्यांना खुर्ची, केबिन आणि पगार मिळाला. त्याच कायद्याच्या कलम ४८ ने पाळणाघरही सक्तीचं केलं. तिथे दिवसभर पोरं सांभाळणारी बाई मात्र कायद्याच्या परिभाषेत कधी ‘अधिकारी’ झाली नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या, तेव्हा खुर्च्याही गेल्या आणि पाळणेही.

खालचा मजला वेगळ्याच वाटेने उभा राहिला. ‘अंगणवाडी’ हा शब्द सरकारी फायलीत येण्याच्या आधी डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांत मुलांच्या अंगणातच शाळा नेणाऱ्या शिक्षिकांनी रुजवला. तिथली सेविका वाजवून, गाऊन, गारगोट्या मोजून शिकवायची. तिचं प्रशिक्षण कामातच व्हायचं. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली आणि महाराष्ट्रात तिची सुरुवात मेळघाटातल्या धारणीत आणि आपल्या धारावीत झाली. शब्द अंगणवाडीचा राहिला, पण धारावीत अंगण कुठून आणणार? दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा आणि दाराशी गटार, असा तो कारभार. सेविका त्याच वस्तीतली असावी अशी अट होती. शहाणी अट होती ती. पण तिच्या पोटातच पुढचा घोळ होता. वस्तीतली बाई म्हणजे वस्तीचीच सेवा करणारी, आणि आपल्याच माणसांची सेवा करायला पगार कसला? तेव्हा मानधन.

या शब्दावर थांबायलाच हवं, कारण प्रमाणपत्राची किंमत त्यानेच ठरवली.

मानधन म्हणजे मानासाठी दिलेलं धन. कविसंमेलनाच्या पाहुण्याला शाल-श्रीफळाबरोबर पाकिटात मिळतं ते. सरकारी कागदात अंगणवाडी सेविका ‘मानसेवी’ ठरली, म्हणजे कर्मचारी नाही, मजूरही नाही, सन्मानाने सेवा देणारी व्यक्ती. डिसेंबर २००६ मध्ये कर्नाटकातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अंगणवाडी सेविकेचं पद हे नागरी सेवेतलं पद नाही. कारणांमध्ये हेही आलं की तिला निवडणूक लढवायला आडकाठी नाही, जी सरकारी नोकराला असते. कायद्याच्या नजरेतून तर्क सरळ असेल. पण जिला महिनाअखेर आहाराच्या हिशेबातल्या एका चुकीसाठी पर्यवेक्षिका फैलावर घेते, तिला निवडणुकीच्या स्वातंत्र्याचं काय कौतुक?

मे २०१३ मध्ये सरकार, मालक आणि कामगार संघटना यांच्या भारतीय श्रम परिषदेने योजनांमध्ये राबणाऱ्या या बायकांना कामगार मानावं आणि किमान वेतन द्यावं, अशी शिफारस केली. ती शिफारस शिफारसच राहिली. मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारने याच मानसेवी बायकांना मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवांचा कायदा, लावला. अत्यावश्यक सेवा, संप करता येणार नाही! म्हणजे पगार मागायला गेलं की ती स्वयंसेविका आणि काम थांबवलं की अत्यावश्यक कर्मचारी. विधिमंडळात एवढा गदारोळ झाला की काही दिवसांतच त्या आदेशाला स्थगिती द्यावी लागली. मग २५ एप्रिल २०२२ ला गुजरातमधल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना १९७२ च्या कायद्याप्रमाणे ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे असा निकाल दिला आणि त्या कायद्यापुरतं मानधन हे वेतनच आहे असं म्हटलं. २००६ चा निकाल एका टोकाला, २०२२ चा दुसऱ्या. डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातल्या सेविका पन्नास दिवसांहून जास्त संपावर होत्या, तेव्हा आझाद मैदानातल्या फलकांवर ग्रॅच्युइटी हा शब्द होता. तोवर हा शब्द गिरणी कामगारांच्या तोंडी असायचा.

मुंबईत याला आणखी एक पदर आहे. १९८८ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबई आणि मद्रास या दोन शहरांसाठी लोकसंख्या प्रकल्प मंजूर झाला. झोपडपट्ट्यांत घरोघर जाणाऱ्या आरोग्य स्वयंसेविकांची फळी महापालिकेने त्यातून उभी केली. प्रकल्पाला मुदत असते, ती संपली. बायका राहिल्या. क्षयरोगाचे रुग्ण शोधायला त्याच, पोलिओचे डोस पाजायला त्याच आणि कोविडच्या काळात ऑक्सिमीटर घेऊन चाळीच्या जिन्यात उभ्या होत्या त्याही त्याच. स्वयंसेविका या शब्दातला ‘स्वयं’ मात्र कुणाच्या सोयीचा होता, हे सांगायची गरज नसावी.

योगायोग असा की त्याच सुमारास, १९८८-८९ पासून, राज्यात अकरावी-बारावीला किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम सुरू झाले. सगळ्यांच्या तोंडी एमसीव्हीसी. कोठारी आयोगाने साठच्या दशकात शिक्षणाला व्यवसायाची जोड द्या म्हटलं होतं, त्याला आलेलं हे उशिराचं फळ. इलेक्ट्रॉनिक्स, अकाउंटिंग यांच्या रांगेत पाळणाघर आणि पूर्वप्राथमिक शाळेचं व्यवस्थापन हाही विषय आला. वस्तीत माणसांमध्ये करायच्या कामाला शाळेच्या पातळीवर व्यवसाय म्हणून मिळालेली ही मोठी मान्यता. पण ‘एमसीव्हीसी म्हणजे ज्यांना सायन्स-कॉमर्स मिळालं नाही त्यांची बाजू’ हा शिक्का त्यावर बसला, आणि सांभाळणं-भरवणं हे शिकायचं काय असतं, ते बायकांना येतंच, हा घरचा शिक्का त्याच्या जोडीला.

आजचं प्रमाणपत्र ज्या चौकटीत मिळतं, ती २७ डिसेंबर २०१३ च्या अधिसूचनेने आली : राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा, म्हणजे कुठलं कौशल्य कितव्या पातळीचं हे ठरवणारी शिडी. श्रम परिषदेच्या त्या शिफारशीनंतर अवघ्या सात महिन्यांनी. एकाच वर्षात एका दारातून वेतनाची मागणी परत गेली आणि दुसऱ्या दारातून कौशल्याची पातळी आत आली. हे कुणी ठरवून केलं असं माझं म्हणणं नाही. परिणाम मात्र ठरवून केल्यासारखाच झाला. आराखड्यात सुरुवातीला दहा पातळ्या होत्या, २०२३ च्या सुधारणेत आठ झाल्या, आणि मध्येच साडेतीन, साडेचार अशा अर्ध्या पायऱ्या आल्या. प्रत्येक भूमिकेला नाव मिळालं : फ्रंटलाइन हेल्थ वर्कर, जनरल ड्यूटी असिस्टंट, चाइल्ड केअरटेकर. तीस तासांचा एक क्रेडिट आणि वर्षाचे चाळीस. शिकलेल्या तासांना भाव ठरला. त्यानंतर करायच्या कामाचा भाव या आराखड्याच्या कक्षेत येतच नाही.

अनुभवी बायकांसाठी पूर्वज्ञानाची मान्यता, सगळे ज्याला आरपीएल म्हणतात, ही त्यातली खरी चांगली कल्पना. येत असलेलं पुन्हा शिकायला न लावता तपासायचं आणि प्रमाणपत्र द्यायचं. २०१६ नंतरच्या कौशल्य योजनेत त्यासाठी बारा तासांची उजळणी आणि उत्तीर्ण होणाऱ्याला पाचशे रुपये होते. गोवंडीतल्या अशा एका परीक्षेला मी बसले होते, म्हणजे मागच्या बाकावर, बघायला. टॅबलेटवर प्रश्न होता, ‘प्रभावी संवादातील अडथळा कोणता?’ चार पर्याय. चौदा वर्षं अंगणवाडी चालवलेल्या बाई बराच वेळ बोट अधांतरी धरून बसल्या, कारण त्यांच्या मते चारही अडथळेच होते. मग प्रात्यक्षिक आलं, बाळाचं वजन. बाळाच्या जागी प्लॅस्टिकची बाहुली. बाईंनी लटकता काटा खिळ्याला अडकवला, आधी रिकामी झोळी टांगली, स्क्रू फिरवून काटा शून्यावर आणला, मग बाहुली ठेवली आणि सवयीने तिच्या पाठीखाली हात धरून डोळ्याच्या रेषेत वाकून आकडा वाचला. परीक्षकाच्या तक्त्यात ‘वजन अचूक नोंदवले : होय / नाही’ एवढंच होतं. रिकाम्या झोळीला रकाना नव्हता.

भाषेचा गोंधळ अजून निस्तरलेला नाही. पदवीवाल्यांचं ते समाजकार्य. सरकारी रुग्णालयात ‘समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)’ असं पद आहे आणि त्याला पदव्युत्तर शिक्षणाची अपेक्षा असते. नाक्यावरच्या फ्लेक्सवर हात जोडून उभा असलेला इच्छुक उमेदवारही ‘समाजसेवक’च. त्यात १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ४ ने सामुदायिक सेवा ही शिक्षा म्हणून दाखल केली : सार्वजनिक ठिकाणी दारू पिऊन धिंगाणा घातला तर न्यायालय ती ठोठावू शकतं. त्यामुळे कोर्सचं नाव मराठीत सांगितलं की, एका विद्यार्थिनीच्या नवऱ्याने विचारलं तसं, “हिने केलं काय?” हा प्रश्न येऊ शकतो. म्हणून बॅचच्या बायका सरळ ‘कम्युनिटीचा कोर्स’ म्हणतात.

शिकवायची भाषा हाही एक वादाचा मुद्दा झालाय. २०२१ मध्ये पोषणाच्या नोंदींचं ॲप इंग्रजीत आलं तेव्हा राज्यभरातल्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले होते. त्यानंतर कोर्समध्ये मोबाइलवर नोंदी कशा करायच्या याचा भाग वाढला. गृहभेटीत दारूचा वास आला, बाईच्या हातावर वळ दिसले, तर पहिलं वाक्य कोणतं बोलायचं, हे सांगायला मात्र एखादी जुनी प्रशिक्षिकाच लागते, आणि तिलाही दिवसाचं मानधनच मिळतं.

त्या दिवशी मानखुर्दला अकरा वर्षांच्या अनुभवाची बाई फॉर्म परत घ्यायला पुन्हा टेबलाशी आली. ‘गृहिणी’वर काट मारली, वर बारीक अक्षरात ‘आरोग्यसेविका’ लिहिलं, आणि पुढच्या ‘मासिक वेतन’ या रकान्यात आडवी रेघ ओढली.