अध्यक्षांचा करार, विरोधकांची मते

अमेरिकेशी एखादा व्यापार करार रखडला की आपल्याकडे चर्चा होते ती दूध, मका आणि औषधांच्या पेटंटची. वॉशिंग्टनमध्ये मात्र वाटाघाटी उरकल्यावरच खरी कसोटी सुरू होते. करार मार्गी लावायला अध्यक्षांना काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, मते जमवावी लागतात आणि नेमक्या याच विषयावर स्वतःचा पक्ष अनेकदा पाठीशी उभा राहत नाही. भारतात करार मंत्रिमंडळ मंजूर करते, संसदेत त्यावर मतदान होत नाही. म्हणून हा पेच आपल्या चटकन लक्षात येत नाही.

अमेरिकी राज्यघटनेने आयातशुल्क ठरवण्याचा अधिकार काँग्रेसला दिला आहे. तो तिने कसा वापरला, याचे कुप्रसिद्ध उदाहरण म्हणजे १९३० चा स्मूट-हॉली कायदा. प्रत्येक सदस्याने आपापल्या मतदारसंघातल्या मालासाठी शुल्क वाढवून घेतले. हजाराहून अधिक अर्थतज्ज्ञांनी विनंती करूनही अध्यक्ष हूवर यांनी त्यावर सही केली. इतर देशांनीही मग शुल्क चढवले आणि मंदीत आधीच आक्रसलेला व्यापार आणखी खाली गेला. १९३४ मध्ये रूझवेल्ट आणि त्यांचे परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल यांनी वाट बदलली. परस्पर करार करून शुल्क ५० टक्क्यांपर्यंत घटवण्याची मुभा काँग्रेसने अध्यक्षांना दिली, तीही तीनच वर्षांसाठी. अधिकार द्यायचा, पण मुदत घालून, ही रीत तेव्हापासूनची.

साठच्या दशकापासून करार निव्वळ शुल्कापुरते राहिले नाहीत. सीमाशुल्कासाठी मालाची किंमत कशी धरायची, इथपर्यंत ते पोहोचले आणि त्यासाठी देशांतर्गत कायदे बदलणे भाग पडले. केनेडी फेरीत, म्हणजे त्या दशकातल्या बहुराष्ट्रीय व्यापार वाटाघाटींत, अध्यक्षांच्या प्रतिनिधींनी दिलेला असाच एक शब्द काँग्रेसने पाळला नाही. अमेरिकेचा शब्द जर पुन्हा काँग्रेसमध्ये बदलणार असेल, तर समोरचा देश आपली शेवटची सवलत कशाला देईल? यावरचा तोडगा १९७४ च्या व्यापार कायद्यात आला. त्याचे नाव फास्ट ट्रॅक. अध्यक्षांनी अंमलबजावणीचे विधेयक पाठवल्यावर जास्तीत जास्त ९० कामकाजाच्या दिवसांत त्याचा निकाल लावायचा. प्रतिनिधिगृहाच्या, म्हणजे काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाच्या, समितीला ४५ दिवस, सभागृहाला १५, मग वरिष्ठ सभागृहाच्या, म्हणजे सिनेटच्या, समितीला १५ आणि सिनेटला १५. प्रत्येक सभागृहात चर्चा २० तास. दुरुस्ती एकही नाही, फक्त होय किंवा नाही. साधे बहुमत पुरे, त्यामुळे सिनेटमधली अडवणूकही टळते; एरवी तिथे चर्चा थांबवायलाच १०० पैकी ६० मते लागतात. दुरुस्त्यांची हौस समित्या आधीच, मसुदा अनौपचारिक असताना, भागवून घेतात.

नाफ्टा, म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातला मुक्त व्यापार करार, याच रस्त्याने गेला. सही थोरल्या बुश यांनी १७ डिसेंबर १९९२ रोजी केली, ती निवडणूक हरल्यावर. मंजुरीची जबाबदारी आली क्लिंटन यांच्यावर. कामगार आणि पर्यावरणाविषयीचे पूरक करार त्यांनी जोडले, साखर आणि संत्र्याच्या रसाबाबत मेक्सिकोकडून ऐन वेळी जादा अटी मिळवल्या. तरीही प्रतिनिधिगृहातले त्यांच्याच पक्षाचे नेते गेफार्ट आणि प्रतोद बोनियर विरोधात उभे राहिले. १७ नोव्हेंबर १९९३ रोजी करार २३४ विरुद्ध २०० मतांनी तरला. त्यात रिपब्लिकन मते १३२, डेमोक्रॅट १०२, आणि १५६ डेमोक्रॅट विरोधात. याचे कारण सरळ आहे. करारातून येणारी स्वस्ताई देशभर विखुरते, ती कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. कारखाना मात्र एका गावातला बंद पडतो. प्रतिनिधीला दर दोन वर्षांनी निवडणुकीला उभे राहावे लागते आणि डेमोक्रॅट उमेदवारांच्या प्रचाराला माणसे व पैसा पुरवण्यात कामगार संघटनांचा मोठा वाटा असतो.

फास्ट ट्रॅकची मुदत संपल्यावर क्लिंटन यांना तो पुन्हा मिळालाच नाही. १९९७ मध्ये विधेयक मागे घ्यावे लागले, १९९८ मध्ये ते १८० विरुद्ध २४३ ने पडले. धाकट्या बुश यांना तो डिसेंबर २००१ मध्ये प्रतिनिधिगृहात एका मताने मिळाला, २१५ विरुद्ध २१४. ९० दिवसांचे घड्याळही अभेद्य नाही. एप्रिल २००८ मध्ये बुश यांनी सभागृहाच्या नेतृत्वाशी जुळवून न घेता कोलंबिया करार पाठवला. सभापती पेलोसी यांनी नियमच बदलून दिवसांची मोजणी थांबवली. फास्ट ट्रॅक हा सभागृहाचा स्वतःचा नियम आहे, तो साध्या बहुमताने फिरवता येतो. करार मंजूर व्हायला ऑक्टोबर २०११ उजाडला.

सर्वांत बोलका दिवस १२ जून २०१५. ओबामा यांना पॅसिफिक करारासाठी, म्हणजे प्रशांत महासागराभोवतीच्या देशांशी होणाऱ्या व्यापार करारासाठी, हाच अधिकार हवा होता. विधेयकाचे दोन भाग होते: अधिकार, आणि आयातीमुळे नोकरी गेलेल्या कामगारांना मदत. मतदान वेगवेगळे, पण दोन्ही मंजूर झाले तरच विधेयक पुढे जाणार, अशी मांडणी. त्या सकाळी ओबामा स्वतः कॅपिटॉल या संसदभवनात जाऊन आपल्या सदस्यांना विनवून आले. डेमोक्रॅटांनी मग आपल्याच आवडीची कामगार मदत १२६ विरुद्ध ३०२ ने पाडली. अधिकाराचा भाग २१९ विरुद्ध २११ ने मंजूर होऊनही लटकला. आठवड्याभरात रिपब्लिकन नेत्यांनी तो सुटा काढून सुरक्षा कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाच्या एका विधेयकाला जोडला आणि २१८ विरुद्ध २०८ ने पुढे ढकलला. त्यात डेमोक्रॅट अवघे २८. सही २९ जूनला झाली. एवढा आटापिटा करून मिळालेला अधिकार पॅसिफिक कराराच्या मतदानापर्यंत पोहोचलाच नाही. २३ जानेवारी २०१७ रोजी ट्रम्प यांनी अमेरिकेला करारातून बाहेर काढले.

त्याच अधिकाराखाली नाफ्टाचा नवा अवतार मात्र आला. १० डिसेंबर २०१९ रोजी डेमोक्रॅटांनी ट्रम्प यांच्यावर महाभियोगाची कलमे जाहीर केली आणि त्याच सकाळी या कराराला पाठिंबाही. कामगार हक्कांच्या तक्रारींवर झटपट कारवाईची तरतूद त्यांनी घालून घेतली होती, जैविक औषधांचे दहा वर्षांचे संरक्षण काढायला लावले होते. १८ तारखेला महाभियोग, १९ तारखेला करार ३८५ विरुद्ध ४१ ने मंजूर. माणसावर अविश्वास आणि त्याच्या करारावर विश्वास, तोही लागोपाठच्या दोन दिवसांत!

अधिकाराची मुदत १ जुलै २०२१ रोजी संपली. त्यानंतर अध्यक्षांनी मतदान लागणारच नाही असे मार्ग धरले. तशी ही वाट जुनीच: भारतीय मालाला मिळणारी शुल्कसवलत ५ जून २०१९ पासून संपली ती केवळ अध्यक्षीय घोषणेने, आणि ऑगस्ट २०२५ मधले २५ अधिक २५ टक्के शुल्क १९७७ च्या आणीबाणी कायद्याचा आधार घेऊन लादले गेले. त्या कायद्यात शुल्क हा शब्दही नाही, म्हणून वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. अशा आदेशाने लादलेले शुल्क तशाच दुसऱ्या आदेशाने उतरवता येते. पण अमेरिकी कायद्यातले कायम दर बदलणारा सर्वसमावेशक करार करायचा, तर आज विधेयक दुरुस्त्यांना मोकळे असेल आणि सिनेटमध्ये ६० मते शोधावी लागतील.