२५५ म्हणजे नेमका कोणता हिरवा?

२०२०च्या मे-जूनमध्ये एका तळ्याच्या फोटोने कितीतरी अँड्रॉइड फोन बंद पाडले. अमेरिकेतल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमधलं सेंट मेरी तळं, मागे डोंगर, वर ढग. कुणालाही वॉलपेपर म्हणून लावावंसं वाटेल असं दृश्य. पण लावलं की फोन सुरू होऊन लगेच बंद, पुन्हा सुरू, पुन्हा बंद. फोटोत व्हायरस वगैरे काही नव्हता. तो एसआरजीबी या रंग मोजायच्या नेहमीच्या पद्धतीऐवजी दुसऱ्याच कलर प्रोफाइलमध्ये सेव्ह झाला होता, एवढंच. त्याचा उजळपणा मोजताना अँड्रॉइड १०चं उत्तर २५५च्या पुढे गेलं आणि पुढचा आकडा ठेवायला प्रोग्रॅममध्ये जागाच नव्हती.

फोटोच्या फाइलमध्ये रंग नसतात, आकडे असतात. साध्या जेपेगमध्ये प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन, ० ते २५५. आता ‘हिरवा २५५’ म्हणजे जास्तीत जास्त हिरवा, हे खरं. पण कुणाचा जास्तीत जास्त? जमीन वीस आहे म्हणायचं आणि गुंठे की एकर ते सांगायचं नाही, असा हा प्रकार. प्रोफाइल म्हणजे ते एकक.

एकक ठरवायचं तर आधी माणसाची नजर मोजायला हवी होती. ते काम १९२०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये झालं. डेव्हिड राइट यांनी दहा जणांना आणि जॉन गिल्ड यांनी सात जणांना बसवून, लाल-हिरवा-निळा प्रकाश कमीजास्त करत समोरच्या रंगाशी जुळवायला लावलं. काही रंग काही केल्या जुळेनात. मग लाल प्रकाश उलट समोरच्या रंगातच मिसळावा लागे, म्हणजे हिशेबात तो वजा. ही वजाबाकी टाळणारी एक्सवायझेड मोजपट्टी सीआयई या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९३१ साली मान्य केली. आजच्या प्रत्येक कॅमेऱ्याच्या रंगांचं मूळ त्या सतरा जणांच्या डोळ्यांत आहे.

पुढची साठ वर्षं छायाचित्रकाराला याची फारशी गरज पडली नाही. फिल्म आणि डार्करूम होती. स्कॅनर, मॉनिटर आणि प्रिंटर वेगवेगळ्या कंपन्यांचे येऊ लागले तेव्हा घोळ सुरू झाला. १९९३ साली ॲडोबी, ॲपल, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट वगैरे आठ कंपन्यांनी मिळून आयसीसी (इंटरनॅशनल कलर कन्सॉर्टियम) ही संस्था काढली. कल्पना साधी होती. दहा उपकरणांनी एकमेकांशी थेट बोलायचं तर नव्वद भाषांतरं लागतात. त्याऐवजी प्रत्येकाने मधल्या, सीआयईच्या भाषेत आपापले रंग सांगायचे. ते सांगणारी छोटी फाइल म्हणजे आयसीसी प्रोफाइल.

पण इंटरनेटवरच्या बहुतेक फोटोंना प्रोफाइल नसायचंच. त्यांचं काय? एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६मध्ये सुचवलं की त्या काळच्या काचेच्या जाडजूड मॉनिटरला साधारण जे जमतं, तेच सर्वांनी गृहीत धरावं. हेच एसआरजीबी. १९९९ला त्याचं अधिकृत मानक झालं. तडजोड सोयीची होती, पण हिरव्या-निळ्याच्या मधला गडद पट्टा त्यात अपुरा पडतो. मोरपंखी पैठणी फोटोत फिकी उतरते तेव्हा दोष दर वेळी फोटोग्राफरचा नसतो!

छपाईवाल्यांना हाच पट्टा हवा होता. त्यांच्यासाठीच्या ॲडोबी आरजीबीची गोष्ट तर गमतीची आहे. १९९८च्या फोटोशॉप ५मध्ये ॲडोबीने टेलिव्हिजनच्या एका मानकावरून, एसएमपीटीई २४०एमवरून, एक कलर स्पेस, म्हणजे रंगांचा ठरलेला आवाका, घेतली. नंतर कळलं की घेतलेले आकडे त्या मानकाचे खरे आकडे नव्हतेच, शिवाय लाल रंगाचा आकडा उतरवताना चूक झालेली. दुरुस्ती करून पाहिली, तर छपाईसाठीचं रूपांतर उलट बिघडायला लागलं. तोवर लोकांना ती आवडलीही होती. मग चूक तशीच ठेवली, नाव तेवढं बदललं: ॲडोबी आरजीबी (१९९८). आजही कॅमेऱ्याच्या मेनूत एसआरजीबीशेजारी तीच असते.

कोडॅकची प्रोफोटो आरजीबी याहून इतकी मोठी की तिच्यातले काही ‘रंग’ माणसाला दिसूच शकत नाहीत. एडिटिंगला ती ठीक, कुणाला पाठवायला नाही. फोनमध्ये मात्र बाजी मारली ती डिजिटल सिनेमातून आलेल्या पी३ने. २०१६च्या आयफोन ७पासून फोनचा कॅमेरा आणि पडदा दोन्ही त्यात काम करू लागले. म्हणून हल्ली फोनवर झगमगणारं जास्वंद जुन्या लॅपटॉपवर मलूल दिसतं. वाटेत एखाद्या ॲपने प्रोफाइल काढूनच टाकलं असेल, तर समोरचा पडदा आकडे एसआरजीबीचे समजतो आणि चांगल्या पडद्यावरही रंग फिकाच येतो.

आपला कॅमेरा कशात फोटो काढतोय, हे मेनू न उघडताही कळतं. कॅमेरा कंपन्यांच्या सामाईक नियमानुसार ॲडोबी आरजीबीतल्या फाइलचं नाव अंडरस्कोअरने सुरू होतं. कार्डावर ‘डीएससी’च्या आधी ती आडवी रेघ दिसली, तर लॅबला देण्याआधी विचारून घ्या, बऱ्याच लॅब एसआरजीबीच मागतात.