सीडी नवी की जुनी ते नंतर, आधी प्रेस केलेली की बर्न केलेली ते बघा

माझ्या टेबलावर आत्ता दोन सीडी शेजारी शेजारी पडल्यात. दोन्ही एकाच मैफलीच्या, जयपूर घराण्याच्या एका बुजुर्ग गवयाचं लाइव्ह रेकॉर्डिंग, कव्हर तेच, मागची रागांची यादी तीच. एक मी 2012 ला ऑनलाइन 'न्यू' म्हणून घेतली होती, वर कडक प्लॅस्टिकचं सील, साडेचारशे रुपये. दुसरी गेल्या वर्षी सेकंडहँड घेतली, केसचा कोपरा तुटलेला, बुकलेटवर आधीच्या मालकाने बॉलपेनने तारीख टाकलेली, पोस्टेज धरून तीनशेच्या आत. आणि आज नीट वाजते ती ही दुसरी. सीलबंद घेतलेली शेवटच्या ट्रॅकला, म्हणजे नेमकी भैरवीला, टकटक करायला लागते आणि मग तिथेच अडकून बसते.

दोन्ही उलट्या करून खिडकीपाशी धरल्या तेव्हा कारण दिसलं. जुनीची पाठ स्वच्छ चंदेरी, आरशासारखी. नवीच्या पाठीला हिरवट झाक. ती कारखान्यात प्रेस केलेली सीडी नव्हतीच, सीडी-आर होती, म्हणजे आपण घरी कॉम्प्युटरवर बर्न करायचो तीच जात. विकणाऱ्याने जाहिरातीत तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं, कारण विचारायचं असतं हेच तेव्हा माहीत नव्हतं. मला राग पैशांचा नाही आला, त्या भैरवीचा आला.

ऑनलाइन स्वस्तात शास्त्रीय संगीताच्या सीडी घेणारे आपण सगळे एकच विचारतो, नवी आहे का वापरलेली, स्क्रॅच किती आहेत. आता दुकानं फारशी उरलीच नाहीत, 2016 ला मुंबईत काळा घोड्याचं रिदम हाऊस हे सीडीचं दुकान बंद झालं तेव्हापासून तर हातात घेऊन, उलटून बघून घ्यायची सवयच गेली, सगळं फोटोवर आणि विकणाऱ्याच्या दोन ओळींवर. आणि फोटो असतो कव्हरचा! कव्हर दोन्हींचं सेम असतं, खरा फरक पाठीमागे असतो.

आता फरक काय ते सांगतो. कारखान्यातली सीडी खरोखर छापलेलीच असते. काचेच्या मास्टरवरून निकेलचा साचा करतात, वितळलेलं पॉलीकार्बोनेट त्या साच्यात दाबतात, त्यात बारीक खळगे उमटतात, त्यावर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर, त्यावर लॅकर, म्हणजे संरक्षक वार्निश, आणि सगळ्यात वर कलाकाराचं नाव. म्हणजे गाणं हे प्लॅस्टिकला पडलेल्या आकारात असतं, तो आकार सहजासहजी बदलत नाही. सीडी-आरमध्ये हे खळगे नसतातच. तिच्यात एक रंगाचा थर असतो, सीडी रायटरचा लेझर त्याला ठिकठिकाणी तापवतो, तिथे डाग पडतात आणि प्लेअरला ते डाग खळग्यांसारखेच दिसतात. म्हणून सुरुवातीला दोन्ही सारख्याच वाजतात, कानाला काडीचा फरक कळत नाही, आणि खरंच नसतो. आवाजाच्या नोंदीचं माप, 16 बिट, 44.1 किलोहर्ट्‌झ, इकडेही तेच आणि तिकडेही तेच, मूळ डेटा तोच असेल तर तानपुरा तेवढाच स्वच्छ येतो. फरक पडतो तो पुढच्या दहा-पंधरा वर्षांत, कारण रंग तो रंग, ऊन लागलं, गाडीत तापला, पावसाळ्यात दमट कपाटात राहिला की हळूहळू बदलतो आणि मग प्लेअरला डाग कुठला आणि कोरी जागा कुठली तेच कळेनासं होतं.

आणि हे बिघडणं बऱ्याचदा कडेपासून सुरू होतं. सीडी आतून बाहेर वाजते, एलपीच्या बरोबर उलट, म्हणजे पहिला ट्रॅक मधल्या भोकाजवळ आणि शेवटचा बाहेरच्या कडेला. आपण हाताळतो ती कड, हवा शिरते ती कडेने. त्यामुळे आधी जातो तो शेवटचा ट्रॅक. आपल्याकडे शेवटी काय असतं, भैरवी, एखादी ठुमरी, एखादं नाट्यगीत, ज्याच्यासाठी कित्येकदा सीडी घेतलेली असते. वेस्टर्न क्लासिकलवाल्यांचंही तेच, बीथोव्हनची नववी सिम्फनी एका सीडीवर असेल तर कडेला येतो तो चौथ्या भागातला कोरस. आधीची तासभर सीडी व्यवस्थित वाजते म्हणून आपण निवांत असतो आणि जे ऐकायचं तेच गेलेलं असतं.

पण सीडी-आर म्हणजे पायरसी असं समजू नका, इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. ज्या रेकॉर्डिंगला वर्षाला दहा-वीस गिऱ्हाइकं असतील त्याच्या हजार कॉप्या प्रेस करणं कंपनीला परवडत नाही, मग ऑर्डर आली की एक बर्न करून पाठवतात, रीतसर, हक्क असलेल्या कंपनीकडूनच. स्मिथसोनियन फोकवेज हे अमेरिकन लेबल आपल्या जुन्या रेकॉर्डिंग्जच्या सीडी अशाच पाठवत आलंय, त्यांना कस्टम सीडी म्हणतात. अमेझॉनच्या अमेरिकेतल्या साइटवर अशा मालाखाली सरळ ओळ असायची की ही डिस्क मागणीनुसार सीडी-आरवर बनवलेली आहे. ओळ असायची, फक्त ती खाली असायची आणि आपण किंमत बघून वरच्या वर बटण दाबायचो. जे रेकॉर्डिंग दुसरीकडे कुठेच मिळत नाही ते असं मिळत असेल तर मी जरूर घेईन, हे मनापासून सांगतोय. फक्त काय घेतोय ते माहीत हवं, आणि त्यात बुकलेट बऱ्याचदा नसतं किंवा पुढचं एक पान असतं. तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, कुठल्या साली कुठे गायलेलं, हे सगळं त्या बुकलेटात असतं आणि माझ्यासाठी ती अर्धी सीडी आहे.

घरी आल्यावर ओळखायची कशी? पाठीचा रंग हा पहिला इशारा. प्रेस केलेली साधी चंदेरी, सीडी-आर हिरवट, निळसर किंवा सोनेरी. पण रंगावर शंभर टक्के जाऊ नका, कारण हायब्रिड एसएसीडीची (साध्या प्लेअरवरही वाजणारी सुपर ऑडिओ सीडी) पाठही सोनेरी झाक मारते आणि ती चांगली महागाची प्रेस केलेली डिस्क असते, उलट काही सीडी-आरचा रंग इतका फिकट असतो की चंदेरीच वाटते. म्हणून मी भोकाभोवतीची आतली रिंग बघतो, मोबाइलचा टॉर्च तिरका धरून. प्रेस केलेल्या सीडीवर तिथे मॅट्रिक्स नंबर, म्हणजे साच्याचा नंबर, कोरलेला असतो, बहुतेक वेळा सीडीचा कॅटलॉग नंबरच त्यात असतो, आणि 1994 नंतरच्या बऱ्याच डिस्कवर आयएफपीआय (IFPI) अशी अक्षरं आणि पुढे कोड, तो कारखान्याचा असतो. सीडी-आरवर नुसता कोऱ्या डिस्कचा सिरियल नंबर, त्याचा गाण्याशी काही संबंध नाही. वरच्या बाजूला चिकटवलेला कागदी स्टिकर किंवा इंकजेटची छपाई दिसली तर विषयच संपला. तरी शंका राहिली तर कॉम्प्युटरला घाला, आयएमजीबर्नसारखं फुकटचं सॉफ्टवेअर डिस्कचा प्रकार सरळ सांगतं, सीडी-आरमध्ये एटिप नावाची माहिती आधीच कोरलेली असते जी प्रेस केलेल्या डिस्कमध्ये नसतेच. त्यापुढे वाद नाही.

पण हे सगळं पैसे गेल्यावर. घेण्याआधी काय करायचं तर विकणाऱ्याला एकच मेसेज, पाठीचा फोटो पाठवा आणि आतल्या रिंगवर काय लिहिलंय ते वाचून सांगा. चांगला विकणारा अर्ध्या तासात पाठवतो, जो टाळाटाळ करतो त्याला मी सोडून देतो, कितीही स्वस्त असली तरी. डिस्कॉग्जवर, म्हणजे रेकॉर्ड आणि सीडींची नोंद आणि विक्री होते त्या साइटवर, शोधत असाल तर तिथे फॉरमॅटमध्ये सीडी (CD) आणि सीडीआर (CDr) वेगवेगळे नोंदवलेले असतात, एका अक्षराचा फरक आहे पण तोच बघायचा. तिथली ग्रेडही समजून घ्या, एलपी घेणारे व्हीजी प्लस (व्हेरी गुड प्लस) बघून नाक मुरडतात पण सीडीला ती ग्रेड उत्तम, कारण सीडीत चूक दुरुस्त करायची व्यवस्था मुळातच आहे, साधारण अडीच मिलिमीटरचा डाग प्लेअर भरून काढतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

स्क्रॅचबद्दल एक महत्त्वाचं, कारण वापरलेली घेताना लोक चुकीच्या बाजूला घाबरतात. पाठीच्या बाजूला सव्वा मिलिमीटरच्या जवळपास प्लॅस्टिक आहे, तिथले केसासारखे ओरखडे काही करत नाहीत, त्यातही भोकापासून कडेकडे जाणारे कमी त्रासाचे, गोल फिरणारे वाईट कारण ते ट्रॅकच्या दिशेनेच जातात. (म्हणूनच पुसायची ती मधून बाहेर सरळ, गोल गोल कधीच नाही.) खरी नाजूक बाजू वरची, नाव छापलेली, तिथे लॅकरखाली लगेच धातू आहे. तिथे पेनाचं टोक किंवा स्टिकर ओढून काढल्याचा ओरखडा असेल तर ती सीडी घेऊ नका. दिव्यासमोर धरल्यावर टाचणीएवढे उजेडाचे ठिपके दिसले तरी नको.

प्रेस केलेली म्हणजे अमर, असंही नाही. इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्नला पीडीओ (PDO) कंपनीचा सीडीचा कारखाना होता, तिथे साधारण 1988 ते 1993 मध्ये निघालेल्या बऱ्याच डिस्क कडेपासून तांबूस होत गेल्या, लॅकर कमी पडलं आणि बुकलेटच्या कागदातल्या गंधकाने आतला धातू खाल्ला. हायपेरियनसारख्या चांगल्या लेबलच्या सीडी त्यात सापडल्या. त्या काळातली इंग्लंडची सीडी वापरलेली घेत असाल आणि रिंगवर मेड इन यूके बाय पीडीओ असेल तर पाठीचा आणि कडेचा फोटो मागवाच, सगळ्याच बिघडलेल्या नाहीत पण बघून घेतलेलं बरं. आणि दमट हवेचं म्हणाल तर 2001 मध्ये मध्य अमेरिकेतल्या बेलीझमधून आलेल्या एका सीडीचा थर चक्क बुरशीने खाल्लेला सापडला होता. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या घरातून सेकंडहँड सीडी आली की मी आधी बुकलेटचा वास घेतो, कुबट असेल तर दोन दिवस सावलीत उघडं ठेवतो आणि केस बदलतो.

ज्यांना लोक उगाच घाबरतात अशाही काही आहेत. केसला किंवा बारकोडला कापलेली खाच असते त्या कट-आउट, म्हणजे कंपनीने कॅटलॉगमधून काढून पडेल भावाने विकलेला नवा माल, डिस्क पूर्ण ओरिजिनल. अमेरिकेतून येणाऱ्या काही सीडींवर बीएमजी डायरेक्ट मार्केटिंग असं असतं, त्या म्यूझिक क्लबच्या सभासदांसाठी रीतसर प्रेस केलेल्या. या दोन्ही मी डोळे झाकून घेतो, त्यातच खरी स्वस्ताई आहे. न्यू जर्सी किंवा लंडनला कोणी भाऊ-वहिनी असतील तर तिथल्या पत्त्यावर मागवून सुट्टीत बॅगेतून आणायला सांगा, कारण तिकडून इथे एकेक मागवली तर पोस्टेजच सीडीपेक्षा जास्त होतं. एमपी3 सीडी ही मात्र वेगळीच भानगड, स्वस्तात पाच-सहा तास राग मिळतात हे खरं, पण डेटाचा वेग 128 केबीपीएस असेल तर मूळ डेटाचा अकरावा भाग उरतो, विलंबितातली आस आणि तानपुऱ्याची गुंज तिथेच चोळामोळा होते. प्रवासाला ठीक.

तर आता एकच रेकॉर्डिंग साडेचारशेला सीलबंद सीडी-आर आणि तीनशेला वापरलेली प्रेस असं समोर आलं तर मी वापरलेली घेतो, दोनदा विचार करत नाही. आणि घरी आली की त्याच दिवशी एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या सॉफ्टवेअरने रिप करतो, म्हणजे कॉम्प्युटरवर उतरवून घेतो, त्यात ॲक्युरेटरिप ही तपासणी चालू ठेवली की जगात इतरांनी त्याच सीडीची काढलेली कॉपी आणि आपली तंतोतंत जुळते का ते प्रत्येक ट्रॅकला कळतं, वापरलेल्या सीडीची याहून चांगली तपासणी नाही. माझ्या त्या हिरवट सीडीचे पहिले चार ट्रॅक निघाले, पाचव्याला मशीन तासभर घुटमळलं आणि एरर देऊन थांबलं. ती भैरवी मी आता दुसरीतून घेतलीय.

तुमच्या कपाटात दहा-बारा वर्षांपूर्वी ऑनलाइन घेतलेल्या असतील तर या रविवारी सगळ्या उलट्या करून बघा, आणि ज्या हिरवट-निळसर दिसतील त्यांचा आधी शेवटचा ट्रॅक लावा.