ग्रीक स्वयंपाकघरात रोज चित्रांची भांडी?

‘प्राचीन ग्रीक लोक रोज देवादिकांची चित्रं काढलेल्या भांड्यांतच जेवत,’ असा मेसेज फिरत असतो. तसं नव्हतं. समज होणं मात्र साहजिक आहे, कारण संग्रहालयांच्या काचेआड तीच भांडी दिसतात. त्यांतली कितीतरी अखंड राहिली ती इटलीतल्या एट्रुस्कन या प्राचीन लोकांच्या थडग्यांत ठेवल्यामुळे. संग्रहालयातली पाटी वाचा, सापडल्याचं ठिकाण अनेकदा इटलीतलं वुल्ची निघेल.

घरातलं खरं चित्र अथेन्सच्या अगोरातल्या, म्हणजे बाजारचौकातल्या, जुन्या विहिरींत मिळतं. तिथे घरातली फुटकी भांडी टाकत. त्यांत साधी, बिनचित्रांची खापरंच जास्त: पाण्याचे घडे, नुसत्या काळ्या झिलईचे वाडगे आणि ‘खित्रा’ हे गोल बुडाचं, पातळ भिंतींचं रांधायचं मडकं. त्याच्या बुडाला चुलीची काजळी आजही दिसते. चित्रांचे पेलेही वापरात होते, विशेषतः मद्यपानाच्या बैठकींत.