‘घरी घेऊन जा’ : तीन शब्दांमागचा इतिहास

लहान मुलांच्या दवाखान्यात ‘घरी घेऊन जा’ हे शब्द दोन अर्थांनी कानावर पडतात. एक अर्थ, पोरगं बरं झालं. दुसरा कुणाला फोडून सांगावा लागत नाही. डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढली, आवाज खाली आणला, की आजी पदर तोंडाला लावते. आई बहुतेक वेळा त्या खोलीत नसतेच. तिला ‘बाळाजवळ थांब’ म्हणून बाहेर बसवलेलं असतं, आणि बोलणं होतं ते बाप, काका आणि गाडी घेऊन आलेला गावातला एखादा जाणता माणूस यांच्याशी. बाप शेवटी अहिराणीत एवढंच विचारतो, ‘‘डाक्टर, पोऱ्याले घर लई जाऊ का?’’

हे बोलणं चार भिंतींच्या आत होतं आणि आतच मिटतं. मे 2025 मध्ये मात्र इंदूरची एक बातमी सातपुडा ओलांडून आली आणि हाच प्रश्न चव्हाट्यावर आला. रावेर-यावलच्या माणसाला इंदूर परकं नाही. बऱ्हाणपूरमार्गे व्यापार, सोयरीक आणि दवाखाना सगळंच तिकडं चालतं. बातमी अशी होती : ब्रेन ट्यूमर झालेल्या तीन वर्षं चार महिन्यांच्या मुलीला 21 मार्चला आईवडिलांनी जैन मुनींच्या सल्ल्यानं संथारा, म्हणजे अन्नपाणी सोडून मरण स्वीकारण्याचं जैन व्रत, दिला आणि विधीनंतर थोड्याच वेळात ती गेली. आईवडील दोघं आयटीतले, शिकलेसवरलेले. मुलीचं ऑपरेशन मुंबईत झालं होतं, आजार उलटला होता. दोन महिने कुणाला पत्ता नव्हता. मग ‘सर्वांत लहान वयातला संथारा’ म्हणून एका विक्रमांच्या पुस्तकानं प्रमाणपत्र दिलं आणि त्या कागदानं आग लागली. अल्पवयीनांना संथारा देण्यावर बंदी घाला, अशी याचिका मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढं गेली.

माझं मत विचाराल तर मला त्या आईवडिलांपेक्षा त्या प्रमाणपत्राचा राग जास्त आला. पण तो भाग सोडू.

संथाऱ्याचा वाद त्याच्या दहा वर्षं आधीही कोर्टात होताच. 10 ऑगस्ट 2015 रोजी राजस्थान उच्च न्यायालयानं संथारा म्हणजे आत्महत्या ठरवली, देशभर जैन समाज रस्त्यावर उतरला आणि त्याच महिन्याच्या 31 तारखेला सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. त्या वेळची सगळी मांडणी एका गृहीतावर उभी होती : व्रत घेणारा स्वतः, समजून-उमजून घेतो. विनोबांचं उदाहरण तेव्हा बरेचदा दिलं गेलं. खान्देशाला विनोबा जवळचे. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. पन्नास वर्षांनी, नोव्हेंबर 1982 मध्ये, पवनारला सत्त्याऐंशी वर्षांच्या विनोबांनी अन्न आणि औषध नाकारलं आणि 15 तारखेला देह ठेवला. त्या निर्णयाशी वाद घालता येतो, पण तो निर्णय त्यांचा होता. सव्वातीन वर्षांचं लेकरू काय ठरवणार? त्याच्या वतीनं कुणी ठरवायचं, एवढाच खरा प्रश्न उरतो, आणि तो संथाऱ्यापुरता नाही. आयसीयूतल्या व्हेंटिलेटरलाही तोच लागू आहे.

हा प्रश्न आपल्याकडं जाहीरपणे विचारला गेला त्याला आता शंभर वर्षं होत आली. 1926 मध्ये अहमदाबादेत पिसाळलेल्या कुत्र्यांना मारावं की नाही यावरून गांधीजींवर टीकेची झोड उठली होती. त्या वादात त्यांनी ‘यंग इंडिया’त लिहून टाकलं की माझ्याच मुलाला पिसाळरोग झाला आणि त्याच्या यातनांवर काहीच इलाज उरला नाही, तर त्याचा जीव घेणं मी कर्तव्य समजेन. दोन वर्षांनी, 1928 मध्ये, साबरमती आश्रमातलं असाध्य दुखण्यानं तडफडणारं वासरू त्यांनी डॉक्टरकडून इंजेक्शन देववून मारवलं. पत्रांचा पाऊस पडला, शिव्याही आल्या. फैजपूरच्या काँग्रेसला ते खान्देशात आले ते त्यानंतर आठ वर्षांनी. तिथं खादी आणि ग्रामोद्योगाचं बोलणं झालं, वासराचं कोण काढणार! गांधी इथं प्राण घेण्याबद्दल बोलत होते हे ध्यानात ठेवायला हवं. उपचार थांबवणं ही वेगळी गोष्ट, कारण तेव्हा थांबवण्यासारखं यंत्रच नव्हतं. मरण घरात यायचं, तुळशीपत्रासकट.

यंत्र आलं आणि भाषा बदलली. मोठ्या माणसांच्या बाबतीत महाराष्ट्रात ही चर्चा तशी लवकर सुरू झाली. मिनू मसानींनी 1981 मध्ये मुंबईत सन्मानानं मरण्याच्या हक्कासाठी संस्था काढली. 1985 मध्ये सदानंद वर्दे यांनी विधान परिषदेत खासगी विधेयक आणलं. ते पुढं सरकलं नाही. मग आलं अरुणा शानबाग प्रकरण. मुंबईच्या केईएम रुग्णालयातली ही परिचारिका 27 नोव्हेंबर 1973 च्या हल्ल्यानंतर बेचाळीस वर्षं त्याच रुग्णालयात पडून होती. तिच्या वतीनं लेखिका पिंकी विराणींनी, तिला आता मरू द्या, अशी याचिका केली, तर केईएमच्या परिचारिका विरोधात उभ्या राहिल्या : आम्ही हिला सांभाळतो, तुम्ही कोण? 7 मार्च 2011 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं परिचारिकांची बाजू घेतली. पण त्याच निकालानं, उच्च न्यायालयाच्या परवानगीनं उपचार थांबवता येतील, असं दारही उघडलं. अरुणा 18 मे 2015 ला न्यूमोनियानं गेल्या.

9 मार्च 2018 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सन्मानानं मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच बसवला आणि इच्छापत्राला, म्हणजे असाध्य आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेल्या कागदाला, मान्यता दिली. हे इच्छापत्र फक्त सज्ञान माणूस करू शकतो. मुलाला ते दार बंदच. इच्छापत्र नसलेल्या रुग्णासाठी जी पद्धत घालून दिली होती, ती तर कागदावरच शोभणारी होती. आधी रुग्णालयाचं मंडळ, मग जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेलं दुसरं मंडळ, मग न्यायदंडाधिकाऱ्यांनी स्वतः येऊन रुग्णाला पाहायचं. मंडळातले तज्ज्ञ किमान वीस वर्षं अनुभवाचे हवेत आणि त्यांच्या शाखा निकालातच दिलेल्या : जनरल मेडिसिन, हृदयरोग, मेंदूविकार, मूत्रपिंडविकार, मानसोपचार, कर्करोग. या यादीत बालरोग नाही. घटनापीठानं शेकडो पानं लिहिली, त्यात मुलांचा डॉक्टर राहून गेला. हे मुद्दाम झालं असं मी म्हणत नाही. समोरची प्रकरणंच मोठ्या माणसांची होती. पण नंदुरबारसारख्या जिल्ह्यात वीस वर्षं अनुभवाचे असे तज्ज्ञ एका टेबलाशी कसे जमवायचे, हा प्रश्न दिल्लीत कुणाला पडला नसावा.

24 जानेवारी 2023 ला कोर्टानंच ही गाठ सैल केली. आता उपचार करणारा डॉक्टर आणि त्या विषयातले निदान दोन तज्ज्ञ, अनुभव पाच वर्षं, शक्यतो 48 तासांत मत. मग दुसरं मंडळ, त्यात जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यानं सुचवलेला एक डॉक्टर. न्यायदंडाधिकाऱ्यांना फक्त कळवायचं. ‘त्या विषयातले’ या शब्दांमुळं बालरोगतज्ज्ञ आत आला. पुढं महाराष्ट्रानं इच्छापत्रं सांभाळण्यासाठी महापालिका-नगरपालिकांत चारशेवर अधिकारी नेमले. त्यांच्या कपाटात मुलाचा कागद येणार नाही, कारण तो असतच नाही.

आता विलायतेकडं एक नजर, कारण मोबाइलवर फिरणारे व्हिडिओ तिथले असतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. 2017 मध्ये लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात चार्ली गार्ड नावाचं बाळ होतं. पेशींना शक्ती पुरवणाऱ्या यंत्रणेचाच दुर्मिळ जनुकीय आजार, मेंदूला इजा, श्वास व्हेंटिलेटरवर. आईवडिलांनी लोकांकडून तेरा लाख पौंडांहून जास्त रक्कम जमवली, अमेरिकेत प्रायोगिक उपचारांना न्यायचं ठरवलं. रुग्णालय म्हणालं, याचा त्रासच वाढेल. प्रकरण उच्च न्यायालय, अपील न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, युरोपचं मानवी हक्क न्यायालय असं फिरलं. सगळीकडं निकाल रुग्णालयाच्या बाजूनं. पोप आणि ट्रम्प दोघंही त्यात बोलले. रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. 28 जुलैला, पहिल्या वाढदिवसाला आठवडा असताना, चार्ली गेला. पुढच्या वर्षी लिव्हरपूलला आल्फी इव्हान्स नावाच्या मुलाचं तसंच प्रकरण झालं. इटलीनं त्याला नागरिकत्व देऊ केलं, रुग्णालयाबाहेर जमाव जमला. 23 एप्रिल 2018 ला व्हेंटिलेटर काढल्यावर तो स्वतःच्या श्वासावर पाच दिवस जगला, आणि त्या पाच दिवसांनी ‘डॉक्टर चुकले’ म्हणणाऱ्यांना कायमचा मुद्दा दिला.

तिथं भांडण कोर्टात जातं, कारण उपचाराचं बिल सरकार भरतं आणि 1989 च्या बाल कायद्यानुसार मुलाचं हित आईवडिलांच्या मर्जीच्या वर आहे. मतभेद झाला की रुग्णालयच न्यायाधीशाकडं जातं. रुग्णालय थांबा म्हणतं, आईबाप चालू ठेवा म्हणतात. खान्देशात गणित बरोबर उलटं पडतं. डॉक्टर ‘अजून दोन दिवस बघू’ म्हणतात आणि बाप हिशेब करत असतो : बाळ काचेत (इन्क्युबेटरमध्ये) आहे, रोजचा आकडा इतका, कापूस अजून वेचणीला आला नाही. मग तो सही करतो. या सहीला दवाखान्यात ‘डामा घेतला’ म्हणतात, म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध स्वतःच्या जबाबदारीवर नेणं. कायद्याच्या पुस्तकात ज्याला उपचार थांबवणं म्हणतात, ते आपल्याकडं बहुतेक वेळा या कागदातून होतं. मंडळ नाही, 48 तास नाहीत, न्यायदंडाधिकारी नाही.

पैशाची बाजू थोडी बदलली ती जुलै 2012 मध्ये. राजीव गांधी जीवनदायी योजनेच्या पहिल्या आठ जिल्ह्यांत धुळे होतं. पुढं तिचं नाव महात्मा फुले जन आरोग्य योजना झालं. पिवळं-केशरी रेशनकार्ड असलेल्या घराला मोठ्या दवाखान्याचं दार उघडलं. त्याबरोबर नवा संशयही आला. ‘योजनेचे पैसे संपेपर्यंत मशीनवर ठेवलं’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याला आता म्हणीची कळा आलीय. कधी खरं असेल, बहुतेकदा नसेल. व्हेंटिलेटरवरच्या मुलाची छाती वरखाली होत असते, त्यामुळं ‘जिवंत आहे की नुसती हवा भरतायत’ हे घरच्यांना डोळ्यांनी कळत नाही. त्यात भर अशी की मेंदूमृत्यूला आपल्या कायद्यात जागा मिळाली ती 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात, अवयवदानाच्या संदर्भात. एरवी तो शब्द उच्चारायलाही डॉक्टर कचरतात.

कचरण्याला कारण आहे. मार्च 2017 मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात अपघातातल्या रुग्णाच्या नातेवाइकांनी एका निवासी डॉक्टरला इतकं मारलं की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. राज्यभरचे निवासी डॉक्टर कामावर गेले नाहीत, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत पोचलं. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा राज्याचा कायदा तेव्हा सात वर्षं जुना होता. त्यानंतर ‘आता काही उरलं नाही’ हे स्पष्ट शब्दांत सांगण्यापेक्षा ‘वरच्या दवाखान्यात न्या’ अशी चिठ्ठी देणं कुणाला सोपं वाटलं तर दोष कुणाला द्यायचा? धडगावहून नंदुरबार, नंदुरबारहून धुळे किंवा सुरत, तिथून नाशिक-मुंबई. आजार तोच, चिठ्ठ्या वाढत जातात.

या सगळ्या वादात एक गोष्ट नेहमी मागं पडते : मशीन काढल्यावर मुलाला दुखू नये याची सोय. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यानं मॉर्फिन हे तीव्र वेदनेवरचं औषध ठेवणं इतकं किचकट केलं की जिल्ह्याच्या गावी ते मिळेनासं झालं. 2014 च्या दुरुस्तीनं परवान्यांची संख्या कमी केली. केरळात कालिकतला 1993 पासून गावोगावी वेदनाशमनाचं काम उभं राहिलं. महाराष्ट्रात मुलांसाठी असा प्रयत्न 2010 नंतर झाला, त्यात जव्हारसारखं आदिवासी ठिकाण होतं. जव्हारला जमलं, म्हणजे नंदुरबारच्या मोलगी-अक्कलकुव्याला जमणारच नाही असं म्हणता येत नाही. तिथं सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची मुलं आहेत. वेदनेची लाट आली की रात्रभर कळवळतात, आणि त्यांच्यासाठी हा प्रश्न मरणाच्या दिवसापुरता नाही, दर महिन्याचा आहे.

जून 2021 मध्ये आंध्रातल्या चित्तूर जिल्ह्यात एक आई आजारी मुलासाठी दयामरणाचा अर्ज घेऊन कोर्टात गेली होती. कोर्टाला सुट्टी होती. परत येताना रिक्षातच मुलगा गेला. बातम्यांनी दयामरणाची चर्चा केली. त्या नऊ-दहा वर्षांच्या पोराला वेदनेवर त्या आठवड्यात कुणी काय दिलं होतं, हे कुणी छापल्याचं मला आठवत नाही.

डामाची सही झाल्यावर गाडीचा प्रश्न येतो. 108 दवाखान्यात आणते, घरी सोडायला ती नाही. आजारी नवजात बाळाला सरकारी गाडीनं मोफत घरी पोचवायची सोय 2011 च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आली, 2014 मध्ये ती वर्षाच्या बाळापर्यंत वाढवली. त्याहून मोठ्या पोराला खासगी गाडी करावी लागते. श्वासाची नळी काढायची की नाही हे कधीकधी ड्रायव्हर किती मागतो यावर ठरतं, कारण नळी ठेवली तर मागं बसून अंबू बॅग, म्हणजे हातानं श्वास देण्याची पिशवी, दाबायला कुणीतरी लागतं. ते काम बहुतेकदा काका करतो. सिस्टर त्याला निघायच्या आधी दोन मिनिटांत शिकवते, किती दाबायचं आणि किती थांबायचं.