दूरच्या मॉड्यूलवर टाकलेला अ‍ॅस्पेक्टचा पडदा

प्रोग्राममध्ये अनेक ठिकाणी लागणारं काम मूळ कोडबाहेर एकाच जागी लिहायचं, याला अ‍ॅस्पेक्ट म्हणतात. त्याची चर्चा निघाली की लॉगिंगचं, म्हणजे घडामोडींच्या नोंदी ठेवण्याचं, उदाहरण येतं, त्यामुळे एक गोष्ट विसरली जाते: या कल्पनेच्या मुळाशीच दूरचा कॉल, म्हणजे दुसऱ्या मशीनवरच्या कोडला मारलेली हाक, होता. १९९७ च्या सुमाराच्या एका प्रायोगिक भाषेत दूरच्या कॉलबरोबर कोणता डेटा कॉपी होऊन जावा आणि कशाचा नुसता संदर्भ जावा, हे मूळ क्लासबाहेर लिहिता येत होतं. त्याच वर्षी जावा भाषेत आरएमआय ही दूरच्या कॉलची सोय आली. त्यात दूरच्या प्रत्येक मेथडवर रिमोट-एक्सेप्शन, म्हणजे ‘हा दूरचा कॉल फसू शकतो’ ही सूचना, जाहीर करावंच लागे.

खरा वाद २००४ नंतरचा. स्प्रिंग या जावाच्या फ्रेमवर्कने प्रॉक्सी (खऱ्या ऑब्जेक्टच्या जागी उभा राहणारा प्रतिनिधी) आणि इंटरसेप्टर (कॉल मध्येच अडवणारा कोड) वापरून ही सक्ती काढली. दूरचं मॉड्यूल साध्या इंटरफेससारखं दिसू लागलं आणि चूक रनटाइमलाच वर येऊ लागली. कोड सुटसुटीत झाला, यात शंका नाही. तरी माझ्या मते झाकायला नको होतं तेच झाकलं गेलं.

सोलापुरात नवी पेठेतल्या दुकानातून अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्याच्या सर्व्हरवर चादरींची ऑर्डर टाकली, असं धरा. ऑर्डर नोंदली गेली, पण उत्तर येताना लाइन तुटली. दुकानातल्या प्रोग्रामला दिसतं ते फक्त अपयश. ‘पुन्हा प्रयत्न कर’ हा अ‍ॅडव्हाइस, म्हणजे अ‍ॅस्पेक्टने कॉलभोवती चालवायचा कोड, दुसऱ्याच फाइलीत बसवलेला असेल, तर तो बिनबोभाट दुसरी ऑर्डर टाकतो. दुकानाचा कोड वाचणाऱ्याला मध्ये नेटवर्क आहे याचा पत्ताही लागत नाही. ऑर्डरला दुकानातच क्रमांक दिला, तर सर्व्हर दुबार नोंद ओळखू शकतो. पण हे व्यवहाराचं ज्ञान आहे, ते अ‍ॅस्पेक्टला आपोआप कळणार नाही. जवळचा आणि दूरचा ऑब्जेक्ट एकसारखे मानू नका, असा इशारा १९९४ मध्येच दिला गेला होता.

पुढे सुरक्षेचा प्रश्न चिघळला. आरएमआय समोरच्याने दिलेल्या पत्त्यावरून क्लासच उतरवून घेऊ शकत असे. २०१३ मध्ये जावाने ही मुभा मूळ सेटिंगमध्येच बंद केली. जेएनडीआय या नावावरून ऑब्जेक्ट शोधून देणाऱ्या जावाच्या सोयीतून दूरचा कोड खेचण्याचा धोका किती मोठा आहे, हे डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीच्या प्रकरणात जगाला दिसलं. स्प्रिंग ६ ने २०२२ मध्ये आरएमआयचा आधार काढून टाकला.

त्याच आवृत्तीत एचटीटीपीसाठी नवे इंटरफेस-क्लायंट आले. त्यांच्या खालीही प्रॉक्सीच आहे, पण विनंती गेट (माहिती मागणारी) की पोस्ट (माहिती पाठवणारी) आणि कोणत्या मार्गावर, हे आता इंटरफेसवरच लिहिलेलं असतं.