दंतधावन व फ्लोराइड

दातांवर साचणाऱ्या चिकट थरातील जीवाणू साखर आणि पिष्टमय पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि थराखालचा सामू (आम्लता दर्शवणारा पीएच) सुमारे ५.५ च्या खाली गेला की दंतवल्कातील, म्हणजे दातांवरील कठीण आवरणातील, खनिजे विरघळू लागतात. हीच दात किडण्याची सुरुवात होय. लाळ ही झीज काही अंशी भरून काढते, पण तिला त्यासाठी उसंत लागते. म्हणून आंबापोळी किंवा फणसपोळी जेवणासोबत खाऊन संपवण्यापेक्षा दिवसभर तुकडातुकडा चघळणे अधिक बाधते, कारण दाढांच्या खाचांत चिकटलेला गोड लगदा लाळेने लवकर निघत नाही.

कोकणात करंजाची काडी, आंब्याचे पान आणि राखुंडी यांनी दात घासण्याची चाल जुनी आहे. त्यांनी थर कमीअधिक निघतो. मात्र खरखरीत राखुंडीने दंतवल्कही झिजते. मशेरीची गणना दंतमंजनात करणेच चुकीचे ठरेल. तव्यावर काळी होईपर्यंत भाजून चुरलेली ही तंबाखू बोटाने हिरड्यांवर फिरवली जाते, तिचे व्यसन जडते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. तंबाखूयुक्त पेस्ट व मंजनांवर भारतात १९९२ मध्ये बंदी आली. घरच्या तव्यावरची मशेरी तिच्या कक्षेबाहेरच राहिली.

किडीपासून मिळणाऱ्या संरक्षणाचा मोठा वाटा घासण्याच्या जोराला नव्हे, तर फ्लोराइडला जातो. लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट दंतवल्कात परत बसण्यास ते मदत करते आणि अशा रीतीने घडलेला पृष्ठभाग आम्लाला पूर्वीइतकी दाद देत नाही. भारतात पेस्टमधील फ्लोराइडची कमाल मर्यादा दशलक्ष भागांत १००० भाग आहे. दिवसातून दोनदा, त्यातही रात्री झोपण्यापूर्वी, सुमारे दोन मिनिटे मऊ ब्रशने दात घासावेत आणि फेस थुंकून टाकावा. आपल्याकडे खळखळून चुळा भरल्याशिवाय तोंड धुतल्यासारखे वाटत नाही, पण त्या चुळांबरोबर फ्लोराइडही वाहून जाते. कोकम सरबतासारखे आंबट पेय प्यायल्यावर मात्र अर्धा तास थांबून ब्रश करावा.

तीन वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यापुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. कायमचे दात घडत असताना फ्लोराइड वरचेवर अधिक प्रमाणात पोटात गेल्यास त्या दातांवर पांढरे किंवा तपकिरी डाग पडतात, म्हणून या वयात पेस्ट वडीलधाऱ्यांनीच ब्रशवर घालून द्यावी.